जेरीकॅनचं वजन यंत्राला कुठे कळतं

तिकडे नेमकं काय काम करतेस असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते की लहान मुलं दिवसभरात किती हलतात ते मोजते. यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एका काकांनी तर विचारलं, "त्यासाठी आफ्रिकेत कशाला जायला हवं, आमच्या नातवाकडे बघ की, एक मिनिट बसत नाही." काकांचं म्हणणं खरंच आहे. पण बसत नाही म्हणजे किती बसत नाही, शेजारच्या सोसायटीतल्या मुलापेक्षा जास्त की कमी, आणि केनियातल्या त्याच वयाच्या मुलीपेक्षा जास्त की कमी, हे सांगायची वेळ आली की काकांच्या हातात काही राहत नाही आणि माझ्याही फारसं नाही. तिथून माझा पगार सुरू होतो.

मी इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टवर आहे आणि फिल्ड पश्चिम केनियात, किसुमूच्या पुढे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये. भाग लुओ लोकांचा, मुलं ९ ते १२ वयाची. ही मुलं पुरेशी हालचाल करतात का, असा आमचा साधा प्रश्न. यातलं 'पुरेशी' जिनिव्हाहून येतं. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाईडलाईनप्रमाणे ५ ते १७ वयाला आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. २०१० मध्ये 'रोज किमान ६० मिनिटं' असं होतं, म्हणजे एक दिवस कमी पडला की मूल नापास, आता सरासरी धरतात त्यामुळे रविवारी लोळलेलं मूल सोमवारी भरून काढू शकतं. एवढ्याने सुद्धा पास-नापासचे आकडे बदलतात, मुलं तीच आणि त्यांचे पायही तेच. मोजायची पद्धत बदलली तर याहून मोठी उलथापालथ होते, आणि पद्धत निवडण्यातच आमचं जवळजवळ सगळं डोकं गेलं.

सुरुवात सगळे करतात तशीच, प्रश्नावलीपासून. कागद, पेन्सिल, झेरॉक्सचे पैसे, बास. टीममधल्या बहुतेकांना पीएक्यू-सी नावाची प्रश्नावली पाठ होती. कॅनडात सास्काचवानमध्ये तयार झालेली, साधारण ८ ते १४ वयासाठी, मागच्या सात दिवसांत काय काय केलंस ते विचारते आणि १ ते ५ मध्ये मार्क देते. जगभर वापरतात. शाळेच्या व्हरांड्यात बसून ती मोठ्याने वाचायला घेतली तर आमची फिल्ड असिस्टंट, जी तिथल्याच गावची, पोट धरून हसायला लागली. यादीत आइस स्केटिंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग, आइस हॉकी. आणि किसुमूहून थोडं पुढे मसेनोला गेलं की रस्त्याकडेला चक्क विषुववृत्ताची खूण आहे, लोक तिथे उभं राहून फोटो काढतात.

आता यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, खेळांची यादी बदलायची मुभा असते आणि सगळे बदलतात. हॉकी काढायची, कटी घालायची. कटी म्हणजे दोन बाजूंना दोघी बॉल घेऊन उभ्या आणि मधल्या मुलींनी बॉल चुकवत राहायचा, मोज्यात चिंध्या कोंबून केलेला बॉल असतो आणि लागतो चांगला जोरात. ब्रिकिचो घालायचं, म्हणजे लपाछपीची त्यांची आवृत्ती. दोरीवरच्या उड्या आहेतच. पण यादी बदलली तरी प्रश्नावलीचा सांगाडा तोच राहतो. मोकळ्या वेळात काय केलंस, पीटीच्या तासाला काय केलंस, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी, वीकेंडला. म्हणजे ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर शाळेतून घरी येऊन दप्तर टाकणारं आणि मग खेळायला जाणारं मूल आहे. आमच्याकडची ११ वर्षांची मुलगी शाळेतून येते, युनिफॉर्म बदलते, पिवळा जेरीकॅन उचलते, पाण्याला जाते, येते, परत जाते, मग धाकट्या भावाला पाठीवर बांधून सरपण गोळा करते, मग भांडी. तिला विचारलं मोकळ्या वेळात काय केलंस, तर ती प्रामाणिकपणे सांगते की काही नाही. आणि प्रश्नावली तिला देते १ मार्क, म्हणजे निष्क्रिय.

हे फक्त आमच्या गावापुरतं नाही. २०२० च्या सुरुवातीला लॅन्सेटच्या बालआरोग्याच्या जर्नलमध्ये १४६ देशांतल्या १६ लाख शाळकरी मुलांचा आढावा छापून आला आणि ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत हा आकडा सगळ्या पेपरात झळकला. मुलांनी स्वतः भरून दिलेल्या उत्तरांवरचा आकडा आहे तो. सगळ्यात बरी परिस्थिती बांगलादेशची निघाली, तिथे सुद्धा ६६ टक्के अपुरे, आणि तिथल्या मुली त्यातल्या त्यात बऱ्या का याचं एक कारण म्हणून लेखकांनी घरकामाकडे बोट दाखवलं. मला हे वाचून गंमत वाटली, म्हणजे घरकाम आकड्यांच्या मागे उभं आहे हे सगळ्यांना माहितीये, पण त्याला स्वतःचा रकाना द्यायचा म्हटलं की फॉर्म लांबतो.

बरं, आठवून सांगणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही. दहा वर्षांच्या मुलाला मागचा मंगळवार आठवत नाही, मला पण आठवत नाही. म्हणून सात दिवसांऐवजी फक्त कालचा दिवस विचारायचा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून, असा एक प्रकार आहे, तो आम्ही घेतला. तिथे घड्याळ आडवं आलं. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे तीन. शाळेत इंग्रजी वेळ, घरी ही वेळ, आणि मूल बोलता बोलता कधी इकडे कधी तिकडे. दोन वाजता पाणी आणलं म्हणजे भर दुपारी की रात्री आठला? शेवटी घड्याळ बाजूलाच ठेवलं. शाळेची घंटा, गुरं परत येतात ती वेळ, उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाचं, पातेलं चुलीवर चढतं ती वेळ, अशा खुणा मांडल्या आणि मुलं भराभर बोलायला लागली. दिवस असा खुणांनी मोजणं मला अजिबात परकं वाटलं नाही, आमच्या गावी आजही दिवेलागण आणि गाई यायची वेळ चालतेच.

मग यंत्र. ॲक्सेलरोमीटर. काडेपेटीपेक्षा लहान लाल डबी, इलास्टिकच्या पट्ट्याने कंबरेला उजव्या बाजूला बांधायची, ती सेकंदाला कितीतरी वेळा नोंद घेते की शरीराला झटका कुठल्या दिशेने आणि किती बसला. त्याचे होतात 'काउंट्स', आणि काउंट्सवरून ठरतं की मूल बसलंय, चालतंय की धावतंय. प्रश्नावलीच्या मानाने फार वस्तुनिष्ठ वाटतं, आणि आहेही. यंत्र लाजत नाही, विसरत नाही, मॅडम खूश व्हाव्यात म्हणून उत्तर देत नाही. आयस्कोल नावाचा जो मोठा अभ्यास झाला, १२ देशांतली ९ ते ११ वयाची मुलं, त्यात नैरोबी पण होतं आणि आपलं बंगलोर पण, तिथे सगळीकडे एकच यंत्र, कंबरेला, चोवीस तास, सात दिवस. त्यामुळे फिनलंडच्या मुलाशेजारी केनियाचं मूल ठेवता येतं. याचं मोल मी कमी लेखत नाही. आमच्या सुपरवायझर बाईंचा जीव याच्यातच अडकलेला, तुलना करता आली पाहिजे, नाहीतर तुमचा डेटा घेऊन कुणी काय करायचं.

पण डबी बांधली की निर्णय संपतात असं नाही, उलट खरे निर्णय तिथून सुरू होतात आणि ते पेपरमध्ये एका ओळीत उरकलेले असतात. पहिला म्हणजे किती-किती सेकंदांची बेरीज करायची. जुन्या यंत्रांत मेमरी इतकी कमी असायची की मिनिटामिनिटाचीच बेरीज ठेवत. मोठ्यांना ते चालतं, मोठा माणूस चालायला लागला की चालतच राहतो. मूल तसं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत बेली आणि सहकाऱ्यांनी ६ ते १० वयाच्या १५ मुलांकडे नुसतं बघत बसून नोंदी केल्या, तर जोरकस हालचालीच्या एका झटक्याचा मध्यक कालावधी निघाला ३ सेकंद. तीन! कटी खेळताना बघा, मुलगी बॉल चुकवायला उसळी मारते, मग उभी, मग हसते, मग परत उसळी. मिनिटाची बेरीज केली की ती उसळी आणि ते उभं राहणं मिळून मिळमिळीत सरासरी होते आणि मुलगी 'हलकी हालचाल' या खात्यात जाते. म्हणून आता १५ सेकंद किंवा त्याहून कमी घेतात, आम्ही पण तेच घेतलं.

दुसरा निर्णय कट-पॉइंटचा, इथे खरी मेख आहे. किती काउंट्सच्या वर गेलं की 'मध्यम ते जोरकस' म्हणायचं? एव्हन्सन आणि मंडळींचा २००८ चा आकडा मिनिटाला २२९६. पुयाऊ आणि मंडळींचा २००२ चा आकडा ३२००. एकाच मुलाची एकच फाईल, पहिल्या आकड्याने पास होऊ शकते आणि दुसऱ्याने नापास. एव्हन्सनचा आकडा आला कुठून तर अमेरिकेतली ५ ते ८ वयाची ३३ मुलं, त्यांना यंत्र बांधून, तोंडाला ऑक्सिजन मोजायचा मास्क लावून वेगवेगळ्या गोष्टी करायला लावल्या, त्यातून. काम चोख आहे, मी पण त्यांचाच आकडा वापरते, नंतरच्या तुलनांमध्ये तो सगळ्यात बरा ठरलाय. फक्त त्या मुलांपैकी कुणाच्या डोक्यावर पाणी नव्हतं.

आता जेरीकॅन. मोठ्या बायका वीस लिटरचा नेतात, मुली पाच किंवा दहाचा. दहा लिटर म्हणजे दहा किलो, आणि ती मुलगी स्वतः असते अठ्ठावीस-तीस किलोची. डोक्यावर चुंबळ, त्यावर कॅन, आणि ती चालायला लागते तेव्हा एकदम संथ होते, मान ताठ, पाऊल सपाट, कंबरेला धक्का म्हणून नाही, कारण धक्का बसला तर पाणी सांडतं. आणि आमचं यंत्र नेमका कंबरेचा धक्का मोजतं. म्हणजे घाम गाळत चढ चढणारी मुलगी आणि मैत्रिणीशी गप्पा मारत रमतगमत चाललेली मुलगी, यंत्राला दोघी सारख्या, कधीकधी गप्पावाली वरचढ. यंत्राला पाय दिसतात, डोक्यावरचं ओझं दिसत नाही.

गंमत म्हणजे ओझं वाहण्याच्या शास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं संशोधन याच लोकांवरचं आहे. १९८६ मध्ये नेचरमध्ये मालोय, हेग्लुंड वगैरेंचा लेख आला, केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा. लुओ बायका ओझं डोक्यावर नेतात, किकुयू बायका कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं या बायका जास्तीची ऊर्जा खर्च न करता नेतात असं त्यात दिसलं आणि मग सगळीकडे आफ्रिकन बायकांची जादू वगैरे. पुढे २०१० च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेत झोसा बायकांवर केलेल्या कामात अशी काही सरसकट बचत सापडली नाही, बाई-बाईत फरक खूप. काही असो, मुद्दा हा की २० टक्के. आमच्या मुली त्यांच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं नेतात. तिथे जादू बिदू काही नाही, मुली दमतात, मध्ये थांबून कॅन उतरवतात, हात झटकतात, बघितलंय मी.

मग कुणीतरी म्हणालं मनगटाला बांधा. आजकाल कल तिकडेच आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाने सुद्धा २०११ पासून कंबर सोडून मनगट धरलं, कारण मनगटावरचं यंत्र लोक काढून ठेवत नाहीत. कंबरेचा पट्टा झोपताना टोचतो, युनिफॉर्मच्या आत की बाहेर यावर घरोघरी चर्चा, तळ्यात पोहायला जाताना मुलं तो काढून दगडाखाली ठेवतात आणि मग दिवसातला सगळ्यात दमवणारा तास कोराच. आम्ही थोड्या मुलांवर दोन्ही बांधून बघितलं. शनिवारी सकाळी मुली काठावर कपडे धुवायला बसतात. कंबरेच्या यंत्राच्या मते मुलगी दोन तास ढिम्म बसलीये, टीव्ही बघत असावी. मनगटाच्या यंत्राच्या मते ती बॉक्सिंग करतीये. दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडून आम्ही कितीतरी वेळ नुसतं बघत होतो.

हृदयाचे ठोके मोजले तर ओझं पण कळेल आणि धुणं पण, हे तर्काला धरून आहे. थंड, निरोगी ठिकाणी असेलही. सरोवराकाठी मलेरिया बारमाही, मुलांमध्ये रक्त कमी असणं सर्रास, सिकलसेलही त्या भागात बराच. रक्त कमी असलं की तेवढ्याच कामाला ठोके जास्त पडतात, ताप आला की बसल्या जागी वाढतात, वर किसुमूचा उकाडा. म्हणजे आजारी मूल आकड्यांत खेळाडू दिसायचं. हा पर्याय मी मीटिंगमध्ये पाच मिनिटांत बाद केला आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

सगळ्यात खात्रीचं म्हणून ज्याला सोन्याचं माप म्हणतात ते दुहेरी लेबल लावलेलं पाणी. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी मुलाला पाजायचं आणि पुढचे एक-दोन आठवडे लघवीच्या नमुन्यांवरून बघायचं की दोन्ही किती वेगाने बाहेर पडतात, त्यावरून एकूण ऊर्जा किती खर्च झाली ते निघतं. किरणोत्सर्गी नाही, अगदी निर्धोक. लिफसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही पद्धत काढली, माणसांवर १९८२ पासून वापरात आली, आणि जगभरातली अशी मोजमापं व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सी गोळा करून ठेवते, म्हणजे जे अणुभट्ट्या तपासतात त्यांच्याकडेच मुलांनी किती ऊर्जा जाळली याचाही हिशोब आहे. पण महाग, एका मुलामागे जे पैसे लागतात त्यात आमच्या एका वर्गाचे पट्टे येतात. शिवाय ते एकूण बेरीज सांगतं, कधी आणि कशात ते सांगत नाही. आणि बेरजेतही चकवा आहे. टांझानियातल्या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांची पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशी मोजणी छापली तर शरीराच्या आकारमानाचा हिशोब केल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी माणसांएवढाच निघाला. शरीर बहुतेक दुसरीकडे काटकसर करतं. इक्वेडोरमधल्या शुआर मुलांतही पुढे असंच काहीसं दिसलं. म्हणजे पाणी पाजून, नमुने गोळा करून, लॅबला पाठवून आम्हाला कळणार काय तर पाणी वाहणाऱ्या मुलीचा आणि न वाहणाऱ्या मुलीचा एकूण खर्च सारखा. खरं असेल ते. पण आमचा प्रश्न तो नव्हता.

आणि लोकांचं काय? लघवीच्या नमुन्याला तिथे कुणी फारशी खळखळ करत नाही, बिलहार्झियाच्या, म्हणजे पाण्यातून होणाऱ्या जंतांच्या आजाराच्या, तपासण्यांमुळे मुलांना डब्या भरून देण्याची सवय आहे. पण परक्या बाईने दिलेलं 'खास पाणी' प्यायचं ही वेगळी गोष्ट. पश्चिम केनियात काचिंजा नावाची एक जुनी धास्ती आहे, रक्त काढून नेणाऱ्या लोकांची, आणि ती वैद्यकीय संशोधन करणाऱ्यांना नेमकी येऊन चिकटते. हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये ते, वसाहतीच्या काळापासून बाहेरून येणाऱ्यांनी तिथून नेलं खूप आणि दिलं कमी, आणि आज मी जे काउंट्स गोळा करून लॅपटॉपमधून घेऊन जाते ते सुद्धा नेणंच आहे. आमच्या डबीतला चार्जिंगचा दिवा लुकलुकतो म्हणून एका गावात कुजबूज झाली होती. तेव्हा हेड टीचरनी पालकसभेत स्वतःच्या कंबरेला पट्टा बांधून दाखवला आणि तीन दिवस तसाच ठेवून फिरले. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्याचा उपयोग झाला. पट्टे द्यायला पिशव्या हव्या होत्या, तर केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी, आणि ती बंदी आपल्यासारखी नाही, दंड खरोखर होतो, म्हणून किसुमूच्या एका शिंप्याकडून किटेंगे कापडाच्या शिवून घेतल्या. मुलींनी पट्टे परत दिले, पिशव्या दिल्या नाहीत. बरंच झालं.

एक पर्याय राहिला, बघणं. नुसतं बसून बघणं. याच्याही पद्धती आहेत, अमेरिकेत सॅन दिएगोच्या मॅकेन्झींनी बसवलेल्या, मैदानावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि प्रत्येक मुलाला बसलेलं, चालणारं, जोरात हलणारं अशा खात्यात टाकायचं. मी स्वतः करून बघितलं तर डावीकडून उजवीकडे फक्त माझ्याभोवती जमलेली मुलं. क्लिपबोर्डवाली मुहिंडी, म्हणजे भारतीय, बाई हाच त्या दिवशीचा खेळ. म्हणून गावातलीच दोन-तीन तरुण पोरं-पोरी शिकवून तयार केली, ती आंब्याखाली बसतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मैदानाबाहेर, पाण्याच्या वाटेवर, चुलीपाशी पण तीच बघतात, आधी घरच्यांना विचारून. खूप वेळखाऊ. पण मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच, त्या पोरांच्या वहीतून. एकीने लिहिलं होतं की मुली पाण्याला जाताना रिकामा कॅन घेऊन शर्यत लावतात आणि येताना भरलेला घेऊन गप्प येतात. यंत्रात जातानाची शर्यत 'जोरकस' म्हणून आली होती, येतानाचं काहीच नव्हतं, म्हणजे त्या मुलीच्या दिवसातलं आम्हाला काय मिळालं तर तिचा खेळ.

आणि एक फाईल. मुलाबद्दल जास्त सांगत नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत हालचाल. आधी एकसुरी हलकी थरथर, मग मध्ये मध्ये जोराचे झटके, परत थरथर. आमच्या डेटा क्लीनिंगच्या नियमाप्रमाणे अशी रात्र 'अविश्वसनीय' म्हणून उडवायची, यंत्र बिघडलं किंवा दुसऱ्याने घातलं असं धरून. फिल्ड असिस्टंटने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, ओमेना. ओमेना म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी, ती रात्री दिवे लावून पकडतात, दिव्याकडे मासळी येते आणि मग जाळं ओढायचं. थरथर लाटांची, झटके जाळ्याचे. मुलाला कालच्या दिवसाबद्दल विचारलेलं तेव्हा तो म्हणाला होता की झोपलो होतो. आम्ही खोदून विचारलं नाही. घरचे कबूल करतील का, केलं तर पुढे काय, आम्ही संमतीपत्रावर हालचाल मोजतो असं लिहिलं होतं, रात्री कुठे जातोस ते शोधतो असं नव्हतं लिहिलं. एथिक्स कमिटीला नाव न देता कळवलं, त्यांनी सांगितलं तसं शाळेतल्या समुपदेशन बघणाऱ्या शिक्षिकेशी सगळ्याच मुलांबद्दल म्हणून बोललो. फाईल मी उडवली नाही, वेगळ्या खात्यात ठेवली, आणि त्यावरून सुपरवायझर बाईंशी माझा बराच वाद झाला.

त्या फाईलमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. दिव्याची मासेमारी काळोख्या रात्रींची, पौर्णिमेच्या आसपास मासळी दिव्याला भुलत नाही म्हणून होड्या काठाला. आपल्या कोकणात कोळ्याला तिथी सांगावी लागत नाही तसंच. मासळी आली की काठावर वाळवायचं काम निघतं, ते बायकांचं आणि मुलांचं. आणि आमचा प्रोटोकॉल काय सांगतो, सात दिवस, त्यातले चार दिवस किमान दहा तासांचे आणि त्यात एक वीकेंडचा. जिनिव्हाचा आठवडा सोमवार ते रविवार. सरोवराचा पंधरवडा चंद्राचा. वीकेंड म्हटलं तरी त्या भागात ॲडव्हेंटिस्ट घरं पुष्कळ, त्यांचा चर्चचा दिवस शनिवार, म्हणजे ज्या दिवशी बाकीच्या मुली धुणं धुतात त्या दिवशी या चार तास बाकावर. आता आम्ही अर्धी मुलं कृष्णपक्षात मोजतो आणि अर्धी शुक्लपक्षात. अर्जात हे लिहिताना मी 'चांद्र कालखंड' असं काहीतरी भारदस्त लिहिलं, पण मनात पंचांगच होतं.

हे सगळं आपल्याकडे आधीच कुणीतरी केलंय हे मला उशिरा आठवलं, तेही पुण्याच्या अंगणात. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत, १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या ६ गावांत, गरोदर बायकांच्या कामाची मोजणी झाली, शोभा राव यांचा त्यावरचा लेख २००३ चा. त्यांनी कुठलीही आयती प्रश्नावली उचलली नाही, विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, शेतातलं काम, हे धरूनच माप तयार केलं, आणि जास्त कामाचा संबंध बाळाच्या लहान आकाराशी दिसला. खेळाच्या यादीने विचारलं असतं तर त्या सगळ्या बायका 'निष्क्रिय' ठरल्या असत्या आणि त्यांना कुणीतरी रोज चालायला जा म्हणून सल्ला दिला असता. आमच्या मुलींच्या बाबतीत मला हीच धास्ती आहे. आकडा कमी आला की उपाय म्हणून शाळेत एक जादा पीटीचा तास येतो, आणि ती मुलगी तो तास करून, दमून, पाण्याला जाते.

तर सध्याचा तोडगा असा की सगळ्यांना कंबरेचं यंत्र, म्हणजे आयस्कोलशी तुलना राहील. सगळ्यांकडून कालच्या दिवसाची खुणांवरून आठवण, त्यात ओझं कसलं, किती लिटर, किती फेऱ्या, पाठीवर मूल होतं का. आणि थोड्या मुलांमागे दिवसभर निरीक्षक. निकाल दोन रकान्यांत द्यायचे, यंत्राला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, त्यांची एकच बेरीज करायची नाही. एका रिव्ह्यूअरने लिहिलंय की त्यामुळे निष्कर्ष संदिग्ध होतो, घरकाम हा 'आरोग्यदायी हालचालीचा' भाग धरावा की नाही हे लेखकांनी ठरवावं. मी ठरवणार नाहीये. जेरीकॅनला व्यायाम म्हणून टाळ्या वाजवणं मला पटत नाही आणि तो मोजायचाच नाही हेही नाही.

पुढचा राउंड ऑक्टोबर-डिसेंबरच्या छोट्या पावसात आहे, तेव्हा छपरांवरून पाणी मिळतं आणि फेऱ्या कमी होतात असं सगळे सांगतात, बघू. स्टॅटिस्टिक्सवाल्यांचा आग्रह आहे की या वेळी सरळ मनगट घ्या, फाईली पूर्ण येतात. येतात, मान्य. पण मग धुणं धुणारी मुलगी ऑलिंपिकची तयारी करताना दिसेल आणि पाणी आणणारी तरीही दिसणार नाहीच, दोन्ही हात वर धरून कॅन सावरणाऱ्या मुलीचं मनगट हलतंय कुठे. त्यापेक्षा कंबरच ठेवा आणि त्या पैशात निरीक्षकांचे तास वाढवा असं मी लिहून पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही, बजेटची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.